तीन चाकी कार्व्हिंग स्कूटर: बेळगावात साधी घ्यावी की इलेक्ट्रिक?

भाग्यनगरची_मास्तरीण

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. माझा भाचा अमेरिकेतून दिवाळीला बेळगावला येतोय. त्याच्या ओळखीत ट्राइक कंपनीच्या दोन वापरलेल्या स्कूटर विकायला आहेत. एक टी-८, हवेच्या टायरची, मोटर नसलेली. दुसरी पोनी, घडण तशीच, पण पुढच्या चाकात मोटर आणि ३६ व्होल्टची बॅटरी. "मावशी, कुठली आणू?" असं रोज विचारतोय.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पुढे एक चाक, मागे दोन, मागच्या प्रत्येक चाकापाशी पाय ठेवायला एकेक पाटी. उभं राहून हँडल धरायचं आणि अंग डावी-उजवीकडे झुकवत नागमोडी जायचं. पेडल नाही, जमिनीवर पायही मारायचा नाही. कितीही झुकलं तरी तिन्ही चाकं जमिनीवरच राहतात.

माझं वय ५३. गुडघे कुरकुरतात, पळायला डॉक्टरांनी मना केलंय. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जाते, पण मला वेग आवडतो आणि चालण्यात तो मिळत नाही. कॉलेजात असताना स्केटिंग करायचे. हौसेनं आणून माळ्यावर टाकायची नाही, नीट शिकायची आहे. तर साधी की इलेक्ट्रिक? आपल्याकडे चालवायची कुठे? आणि जून ते सप्टेंबर काय करायचं?

कॅम्पातला_जुना

साधी घ्या. टी-८ माझ्याकडे आहे, बरीच वर्षं कॅम्पातल्या रस्त्यांवर पहाटे चालवतो, म्हणून ठामपणे सांगतोय.

आधी ती पुढे कशी जाते ते समजून घ्या, सगळी निवड त्यावर ठरते. पुढचं चाक थोडं वळलेलं असताना तुम्ही अंगाचं वजन आडवं ढकलता. टायरला आडवं सरकता येत नाही, रस्ता त्याला धरून ठेवतो. मग ज्या दिशेला त्याला लोळता येतं तिकडे तो लोळतो, म्हणजे पुढे. वळणात अंग आत घेतलं की वेग वाढतो. पंचमीला झोक्यावर उभं राहून कुणी न ढकलता आपण झोका चढवतो, हिशोब तोच. नवखा माणूस नुसतं हँडल हलवत बसतो आणि दंड भरून येतात. कंबर जायला हवी, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला हवं. हँडल फक्त सोबत येतं.

म्हणजे सारा खेळ टायरच्या पकडीवर आहे. त्यामुळे मोटर आहे की नाही याच्या आधी चाक बघा. या स्कूटर पॉलियुरेथेनच्या टणक चाकांच्याही येतात. गुळगुळीत काँक्रीटवर ती झकास पळतात, कमी जोरात वेग धरतात. पण आपल्या डांबरावर वर आलेली बारीक खडी असते. टणक चाकावर दहा मिनिटांत तळहाताला मुंग्या येतात, आणि रस्ता ओला असला की चाक सुटतं. हवेचा टायर थोडा जड पळतो, पण धरून राहतो. चाकं जितकी मोठी तितकं आपल्या रस्त्यांना बरं. भाच्याला टी-१२ मिळते का विचारायला सांगा, तिची चाकं टी-८ पेक्षा बरीच मोठी.

खानापूरवाला

काय म्हणूलालाय मास्तरीणबाई, नागमोडी चालवायला परदेशातनं गाडी कशाला? आमच्या गावच्या रस्त्यावर खड्डे चुकवताना बुलेटपण नागमोडीच जातीय की!

चेष्टा जाऊ दे. पावसाचं मी सांगतो. खानापूर, जांबोटी भागात पाऊस म्हंजे पाऊसच. तांबडी माती वाहून डांबरावर येतीय आणि वाळली की पिठागत भुकटी होतीय. ओल्यात घसरतंय, वाळल्यावरबी घसरतंय. सायकल चालवूलालो तवा वळणावर हेच बघितलंय. तुमचं हे यंत्र तर वळणावरच चालतंय, म्हंजे सरळ रस्ता त्याच्या नशिबातच नाही.

जांबोटी_रोड

@कॅम्पातला_जुना, आदर ठेवून असहमत. कॅम्प सपाट आहे म्हणून तुम्ही असं म्हणू शकता. बेळगाव सपाट गाव नाही. भाग्यनगरातून निघून कपिलेश्वर उड्डाणपुलाचा चढ साध्या स्कूटरवर चढून दाखवा. चढावर प्रत्येक वळणात मिळवलेला वेग पुढच्या वळणाच्या आत संपतो. चांगले सरावलेले लोकही चढ आला की उतरून ढकलतात.

मी पुण्यात मित्राची इलेक्ट्रिक चालवली आहे. अंगठ्याजवळ थ्रॉटल. मोटर चालू ठेवून झुकत गेलं की वळणाची गंमत तीच राहते, चढावर मात्र दम लागत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चढावर जोर का लावायचा? मास्तरीणबाई, पोनी घ्या.

कॅम्पातला_जुना

@जांबोटी_रोड, चढाबद्दल तुम्ही बरोबर. दोन टक्के चढ डोळ्यांना दिसतही नाही, पायांना लगेच कळतो. पण मोटर पहिल्या दिवसापासून असली की माणूस झुकायला शिकतच नाही. थ्रॉटल दाबून सरळ उभा राहतो. मग ती साधी इलेक्ट्रिक स्कूटर झाली, तीही महागडी. आधी साधीवर अंग बसू द्या, मग मोटर घ्या आणि तिचा खरा आनंद घ्या.

फिजिओताई

मी टिळकवाडीत फिजिओथेरपिस्ट आहे. ही स्कूटर माझ्या एका पेशंटबरोबर जवळून पाहिली आहे, म्हणून लिहिते.

पळताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आघात होतो. इथे पाय पाटीवरून उचलला जात नाही, त्यामुळे तो आघात नाही. ही मोठी जमेची बाजू. पण सतत किंचित वाकलेल्या गुडघ्यावर वजन इकडून तिकडे जातं. मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असतील तर वाटीमागे दुखणाऱ्यांना हे झोंबू शकतं. घोट्यावरही ताण येतो. तुमचं दुखणं वाटीमागचं आहे, झिजेचं आहे की जुन्या मुरगळीचं, हे आधी तपासून घ्या. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठता-बसता येत असेल आणि एका पायावर तोल सांभाळता येत असेल तर सुरुवात करायला हरकत नाही. सुरुवातीला थोडा वेळ चालवा. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला सूज दिसली तर थांबा.

हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड पहिल्या दिवसापासून. पडताना माणूस हात टेकतो, आणि पन्नाशीनंतर मनगटाचं हाड त्यातच मोडतं, विशेषतः बायकांचं. याबाबतीत मी ऐकून घेणार नाही.

केए२२_पासिंग

इलेक्ट्रिकचा सल्ला देणाऱ्यांनी कायद्याकडेही बघावं. वाहन नोंदणीच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवरच्या वाहनाला नोंदणीतून सूट हवी असेल तर मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. हे सरकारमान्य चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने, तपासून प्रमाणित केलेलं असावं लागतं. कुणी बॅगेतून आणलेल्या एकट्या गाडीला असं प्रमाणपत्र कुठून असणार? मग कायद्याच्या नजरेत ते नोंदणी नसलेलं मोटार वाहन. खासगी आवारात चालवा, कुणी विचारणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर अपघात झाला तर विमा नाही, आणि सगळं तुमच्या अंगावर.

नियम केंद्राचा आहे. कोगनोळी नाका ओलांडून कागलात नेलीत म्हणून बदलत नाही.

साध्या, मोटर नसलेल्या स्कूटरला हा प्रश्नच येत नाही.

निपाणीकर

बॅगेतून आणलेली म्हणताय, पण बॅटरी बॅगेतून येते तरी का?

परदेशी_पण_वडगावचा

@निपाणीकर, नाही येत. लिथियम बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंत सरळ नेता येते, १०० ते १६० विमान कंपनीच्या परवानगीने, आणि १६० च्या वरची प्रवाशाच्या सामानात चालतच नाही. हातातल्या बॅगेत नाही आणि खाली दिलेल्या बॅगेतही नाही. व्हीलचेअरचे नियम तेवढे वेगळे. आता हिशोब करा: ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास लिहिलेली बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. दुपटीहून जास्त. भाच्याला विमानतळावर बॅटरी टाकून द्यावी लागेल आणि फ्लाइट चुकण्याची धास्ती वेगळी.

गाडी बॅटरीशिवाय आणता येईल. चार्जर आणला तर त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं ११० असेल तर इथल्या प्लगला लावू नका.

भाग्यनगरची_मास्तरीण

बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. भाच्याला आत्ताच फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मी बॅटरीसकट तिकीटही काढून ठेवलं असतं." फिजिओताई, वाटीमागचंच दुखणं आहे. उठा-बशी आधाराशिवाय जमते. पुढच्या आठवड्यात तपासून घेते.

उद्यमबाग_टर्नर

बॅटरीचं मी सांगतो. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, इलेक्ट्रिक सायकलींची दुरुस्ती शेजारच्या शेडमध्ये रोज बघतो. ३६ व्होल्टचा पॅक म्हणजे दहा सेल एकापाठोपाठ जोडलेले, पूर्ण भरला की ४२ व्होल्ट. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक सायकली याच व्होल्टेजच्या आहेत, त्यामुळे पॅक, चार्जर, बीएमएस म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, सगळं मिळतं. पण सेल कुणी कुठून आणलेत, स्पॉट वेल्डिंग कसं केलंय, यावर भरवसा ठेवायचा म्हणजे माणूस ओळखीचा हवा. स्वस्तातला पॅक घरात पलंगाखाली चार्जिंगला लावू नका. उघड्या जागी, आपण जागे असताना लावा.

आता माझ्या धंद्याचं. या स्कूटरचा जीव तिच्या सांध्यांत आहे. हँडलचा खांब ज्या ठिकाणी मागच्या दोन दांड्यांना जोडतो तिथे बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या छोट्या नळ्या, असतात. ते झिजले की गाडी झुकताना खडखड करते आणि वळणात मध्येच झोल खाते. जुनी गाडी घेताना पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल आडवं हलवायचं. खेळ जाणवला तर बुश गेलेत. पण घाबरू नका. बेळगावात बुश बनवायला अडचण म्हणजे कमालच म्हणायची! गनमेटल म्हणा, नायलॉन म्हणा, जुना बुश नमुन्याला दिला की लेथवर उतरवून देतात. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. स्केटला ६०८ लागतं, आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर. तुमच्या गाडीला जो नंबर असेल तो घेऊन दुकानात जायचं.

बघायची खरी गोष्ट म्हणजे वेल्डिंग. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर सांध्यापाशी केसागत चीर आहे का ते उजेडात बघा. भाच्याला व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारून दाखवायला सांगा. चीर दिसली तर फुकट दिली तरी घेऊ नका. ॲल्युमिनियमला परत वेल्ड मारून माणूस उभा करणं मला पटत नाही.

शहापूरची_विणकर

टायर फुटला तर?

उद्यमबाग_टर्नर

@शहापूरची_विणकर ताई, टायरच्या बाजूवर माप छापलेलं असतं. १२ १/२ × २ १/४ असेल तर लहान मुलांच्या बारा इंची सायकलचा टायर-ट्यूब बसतो, कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतो. ८ १/२ × २ असेल तर उभ्यानं चालवायच्या इलेक्ट्रिक किक स्कूटरचं माप, ऑनलाइन मागवता येतं. दुसरं काही असेल तर भाच्याला दोन जादा ट्यूब बॅगेत टाकायला सांगा, वजन काहीच नाही. हवा महिन्यातून कितीदा तरी बघावी लागते, लहान टायरची लवकर उतरते. हवा कमी असली की नव्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

निपाणीकर

माझा प्रश्न मुलीसाठी आहे, नऊ वर्षांची. बाजारात वाय-फ्लिकर आणि रेझर पॉवरविंग अशी नावं दिसतात. तीन चाकांच्या, हलवत चालवायच्या. हे तेच का?

कॅम्पातला_जुना

@निपाणीकर, चुलत भावंडं म्हणा. पॉवरविंगला मागची दोन चाकं तिरक्या बसवलेल्या कॅस्टरची आहेत, फिरती. कंबर हलवली की ती पुढे ढकलतात, आणि मागचा भाग मुद्दाम घसरवत गिरक्या घेता येतात. मुलांना तेच आवडतं. ट्राइकमध्ये मागची चाकं फिरती नाहीत, पूर्ण चौकटच वळणात झुकते, म्हणून ती वेगात जास्त भरवशाची. ब्राझीलच्या गिल्डो बेलेस्की या इंजिनिअरची कल्पना. कंपनी कॅलिफोर्नियातली, आणि २००२ मध्ये टाइम मासिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांमध्ये तिचं नाव घेतलं होतं. मुलीला पॉवरविंगसारखी चालेल, फक्त फरशीवर किंवा काँक्रीटवर, आणि खोक्यावरची वजनमर्यादा वाचून.

चिकोडी_एक्सप्रेस

निपाणीकर, ऊस हंगामात रस्त्यावर सोडू नका हो मुलीला. ट्रॉलीतनं पडलेल्या उसावर मोटरसायकली घसरतात, बारक्या चाकाचं काय होईल?

निपाणीकर

नाही सोडणार. शाळेचं बास्केटबॉलचं मैदान आहे, काँक्रीटचं. हेडसरांना विचारतो.

शहापूरची_विणकर

मास्तरीणताई, एक विचारते. लोक बघतील, हसतील, याचा त्रास नाही का वाटणार? मी पंचेचाळिशीला सायकल शिकायला घेतली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी मागे पळून भंडावून सोडलं. मी सायकल सोडली नाही. आज त्याच पोरांच्या आया मला विचारतात, आम्हाला शिकवता का. म्हणून सांगते, तुम्ही घ्याच. साडीवर मात्र अजिबात नको, पदर मागच्या चाकात जाईल. ओढणीही नको. ट्रॅक पँट, आणि पायात घट्ट बूट.

भाग्यनगरची_मास्तरीण

शहापूरच्या ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. भीती वाटते ती पडण्याची, लोकांची नाही. वर्गात साठ पोरं सांभाळली आहेत.

जांबोटी_रोड

बॅटरीचं आणि कायद्याचं वाचल्यावर मी माझं मत बदलतो असं नाही, पण या घडीला, या दोन गाड्यांमध्ये, साधीच. इलेक्ट्रिक पुढे कधी भारतात प्रमाणित होऊन आली तर चढावर ती घेऊन जाणारा पहिला मी असेन. उताराचं मात्र कुणी बोललं नाही. चढताना दम जातो, उतरताना जीव जाऊ शकतो.

कॅम्पातला_जुना

उताराचं महत्त्वाचं काढलंत. राजहंसगडाच्या उतारावर किंवा कुठल्याही घाटात ही न्यायची नाही, कितीही सराव असला तरी. सौम्य उतारावर वेग आवरायचा तो वळणं मोठी करून, उताराला आडवं जात. ब्रेक मागच्या चाकांना आहेत, हातातल्या दोन लिव्हरनी लागतात. दोन्ही एकदम आणि सावकाश दाबायचे. एकच दाबला तर गाडी त्या बाजूला खेचते. थांबायचं ठिकाण आधी ठरवा, मग सुटा.

आणि जागेचा मुद्दा. माझा नागमोडी पट्टा साधारण दीड-दोन मीटर रुंद होतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुम्ही पुढच्या क्षणाला कुठे असाल ते कळत नाही. म्हणून वाहतुकीच्या रस्त्यावर ही चालवायचीच नाही. कॉलेज रोड नाही, खडेबाजार तर नाहीच. व्हॅक्सिन डेपोतही नको, तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं चालत असतात. पहाटे कॅम्पात झाडाखालचे रुंद रस्ते मोकळे असतात. जवानांची पीटीची तुकडी आली की मी बाजूला उभा राहतो, ते हसून पुढे जातात. दुसरी उत्तम जागा म्हणजे नवे लेआउट. कणबर्गी, रामतीर्थनगरच्या बाजूला, अनगोळच्या पलीकडे. रस्ते झालेत, घरं अजून व्हायची आहेत. काँक्रीट असेल तर सोनंच. पण आधी पायी एक फेरी मारा, चेंबरची झाकणं आणि वाळूचे ढीग बघून ठेवा.

शहापूरची_विणकर

आणि गणपतीनंतर मंडपाच्या खांबांचे खड्डे! आमच्या गल्लीत नवरात्र उलटलं तरी बुजवत नाहीत.

खानापूरवाला

पावसात काय करायचं ते राहिलंच की गा.

फिजिओताई

पावसात मांड्या बळकट करा. भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, एका पायावर उभं राहणं, पायरीवर सावकाश चढ-उतार. जूनला सोडलेली स्कूटर ऑक्टोबरमध्ये पुन्हा हातात घेताना याचाच उपयोग होतो. गच्ची मोठी असेल तरी गच्चीवर नको, शेवाळ असतं.

उद्यमबाग_टर्नर

आणि गाडी पुसून, सांध्यांना ग्रीस भरून, टायर जमिनीला टेकणार नाहीत अशी टांगून ठेवा. दमट हवेत केबल आतून गंजतात, ब्रेक केबलमध्ये दोन थेंब तेल सोडा.

भाग्यनगरची_मास्तरीण

ठरलं. टी-८ सांगितली, टी-१२ मिळाली तर ती. भाच्याने काल टॉर्च मारून सगळे सांधे दाखवले. टर्नरदादांनी सांगितल्याप्रमाणे हँडल हलवायला लावलं, पुढे किंचित खेळ आहे, चीर कुठेही नाही. टायरचं माप ८ १/२ × २ आहे. जादा ट्यूब घेऊन येतोय. हेल्मेट आणि गार्ड मी इथेच घेते.

कॅम्पातले दादा, पहिले काही दिवस तुमच्याबरोबर येऊ का?

कॅम्पातला_जुना

जरूर या. उजाडताना, पाऊस नसेल तर. पहिल्या दिवशी माझ्या स्कूटरवर सपाटीला नुसतं उभं राहून झुकायचं, पुढे जायचं नावही काढायचं नाही.

उद्यमबाग_टर्नर

बुशचा नमुना आल्यावर दुकानात आणून द्या ताई. नायलॉनचा एक आणि गनमेटलचा एक, दोन्ही करून देतो, कुठला जास्त टिकतो ते इथेच कळवा.

निपाणीकर

हेडसरांनी परवानगी दिली, शाळा सुटल्यावर. आता मुलीच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट निपाणीत मिळेना. बेळगावात मुलांची हेल्मेट कुठे बघावीत?

फिजिओताई

@निपाणीकर, स्केटिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा, आपल्याकडे स्केटिंगची मुलं भरपूर आहेत. मुलीला सोबत न्या. भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहील असं बसलं पाहिजे, आणि पट्टा लावून डोकं हलवलं तरी हेल्मेट जागचं हलता कामा नये.